नळाचे पाणी आणि हजेरीपट



गेल्या हिवाळ्यात आमच्या भगिनी मंडळाच्या बैठकीत चहापान चालू असता एका वृद्ध मावशींनी सहज प्रश्न केला, "बाई, इथल्या नळाचे पाणी प्यावे, की बाटलीचे विकत आणावे?" प्रश्न एक आणि उत्तरे अनेक, असा प्रकार झाला. एकीचे म्हणणे, पाण्याला औषधाचा वास येतो, तेव्हा ते वाईटच असणार. दुसरीचे म्हणणे, पाणी आरशासारखे नितळ आहे, मग भीती कसली? मी शिक्षिका म्हणून शेवटी निवाडा माझ्याकडे सोपविण्यात आला. त्या दिवशी माझ्याने समाधानकारक उत्तर देववले नाही. ते उत्तर आज या पानावर देण्याचा प्रयत्न करीत आहे.

डी. एड. होऊन रायगड जिल्ह्यातील एका खेड्यात मी प्रथम शिकवावयास लागले, तेव्हाची एक आठवण प्रथम सांगते. शाळेशेजारीच गावची विहीर होती. पावसाळा सुरू झाला की ग्रामपंचायतीचा माणूस बादलीत टीसीएल पावडर कालवून, वरची निवळ विहिरीत सोडीत असे. मग आरोग्य केंद्राचे कर्मचारी येऊन 'ओ. टी. टेस्ट' घेत. काचेच्या नळीत थोडे पाणी घ्यावयाचे, त्यात औषधाचे काही थेंब टाकावयाचे आणि पाणी पिवळे होते की नाही ते पाहावयाचे. मी चौथीच्या मुलांना मुद्दाम विहिरीवर नेत असे. पाणी पिवळे झाले की मुले टाळ्या वाजवीत. एकदा ते पिवळे झाले नाही. पाणी तर नेहमीसारखेच नितळ होते, शिवाय पावडर आदल्याच दिवशी टाकलेली होती. मुलांनी विचारले, "बाई, मग औषध गेले कुठे?"

त्या प्रश्नाचे उत्तर आजच्या विषयाचा गाभा आहे. क्लोरीन पाण्यात टाकले की ते जंतूंशी आणि पाण्यातील सेंद्रिय घाणीशी झगडते आणि झगडता झगडता स्वतः खर्ची पडते. घाण थोडी असली तर काही क्लोरीन शिल्लक राहते आणि पुढे नळापर्यंत पाण्याची राखण करते. घाण फार असली तर शिल्लक काहीच राहत नाही. म्हणून पाण्यात किती क्लोरीन टाकले, यापेक्षा किती उरले, हे महत्त्वाचे. ती शिल्लक म्हणजे पाण्याने स्वतः दिलेली वर्दी होय. नितळपणा डोळ्यांना दिसतो, शुद्धता मोजावी लागते.

ही वर्दी कोणी ऐकलीच नाही तर काय होते, याचा धडा कॅनडातील एका लहान गावाने जगाला दिला. ऑन्टारिओ प्रांतातील वॉकर्टन हे सुमारे ४,८०० वस्तीचे, शेतीवाडीच्या मुलखातील शांत गाव. गावाला विहिरींचे पाणी नळाने मिळे. त्यांपैकी पाच क्रमांकाची विहीर १९७८ पासून वापरात होती. ती उथळ होती आणि जवळच गुरे पाळणाऱ्या एका शेतकऱ्याचे शेत होते. २००० सालच्या मे महिन्यात ८ ते १२ तारखांच्या दरम्यान तेथे १३४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यातला निम्म्याहून अधिक एकट्या १२ तारखेस कोसळला. शेतात घातलेल्या शेणखतातील जंतू पावसाच्या पाण्याबरोबर जमिनीत मुरून विहिरीत उतरले. पुढील चौकशीत त्या शेतकऱ्याला दोष देण्यात आला नाही, कारण त्याने आपले काम रीतीप्रमाणेच केले होते.

विहिरीवर क्लोरीनचे यंत्र होते. पण त्यातून सोडले जाणारे क्लोरीन आलेल्या घाणीला पुरे पडले नाही. कोणी त्या दिवसांत शिल्लक क्लोरीन मोजले असते, तर ते जवळजवळ शून्य आढळले असते आणि धोका तेव्हाच उघड झाला असता. मोजणे हे रोजचे नेमलेले काम होते आणि नोंदवहीत रोजचा आकडाही होता. मात्र तो आकडा मोजून लिहिलेला नव्हता. वर्षानुवर्षे ०.५ किंवा ०.७५ असे सोयीचे आकडे बसल्या जागी भरले जात होते. पाण्याचे नमुनेसुद्धा एका ठिकाणी घेऊन त्यांवर दुसऱ्या ठिकाणचे नाव लिहिले जात असे.

मी हे वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे शाळेचा हजेरीपट आला. मुलांकडे मान वर करून न पाहता, 'रोज येतात, आजही आली असतील' असे म्हणून 'ह' लिहीत जाणारा शिक्षक दुष्ट नसतो. तो आळसावलेला असतो, सवयीने निर्धास्त झालेला असतो. परंतु ज्या दिवशी एखादे मूल घरून निघून शाळेत पोचलेले नसते, त्या दिवशी तो 'ह' प्राणघातक ठरतो.

वॉकर्टनचे पाणीखाते सांभाळणारे दोघे सख्खे भाऊ होते. पाण्यात विष कालवावे असे त्यांच्या मनात कधीच नव्हते. ते स्वतः विहिरीवर क्लोरीन न घातलेले पाणी आवडीने पीत. गावातील लोकही क्लोरीनच्या वासाबद्दल कुरकूर करीत. त्यांना पाण्याच्या रोगांविषयीचे योग्य प्रशिक्षण मिळालेले नव्हते. परवाने मिळाले ते परीक्षा देऊन नव्हे, जुने नोकर म्हणून. १९९८ च्या सरकारी तपासणीत दोष दिसले होते, पण त्यांचा पाठपुरावा झाला नाही. सरकारी प्रयोगशाळांनी पाणी तपासण्याचे काम १९९६ साली बंद झाले होते आणि ते खाजगी प्रयोगशाळांकडे गेले होते. नमुने दूषित आहेत असा निकाल १७ मे रोजी आला, तेव्हा प्रयोगशाळेने तो केवळ पाणीखात्यास कळविला. आरोग्य अधिकाऱ्यास कळविण्याचे कायद्याचे बंधन तिच्यावर नव्हते. पाणीखात्याने तो दडपून ठेवला.

१८ मे रोजी गावातील एका शाळेत सुमारे वीस मुले गैरहजर होती. त्याच दिवशी दोन मुलांना रक्ताच्या जुलाबांमुळे जवळच्या शहरातील रुग्णालयात दाखल करावे लागले. आरोग्य खात्याने १९ व २० तारखांना पाणीखात्याकडे पुनःपुन्हा चौकशी केली आणि प्रत्येक वेळी उत्तर मिळाले की पाणी ठीक आहे. अखेर आरोग्य अधिकाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर २१ मे रोजी 'पाणी उकळून प्या' असा इशारा दिला. तो नभोवाणीवरून दिला गेला आणि अनेक रहिवाशांपर्यंत त्या दिवशी पोचलाच नाही. एकंदर सुमारे २,३०० माणसे आजारी पडली, म्हणजे वस्तीचा जवळजवळ अर्धा आकडा. २७ जणांच्या मूत्रपिंडांवर गंभीर आघात झाला आणि त्यांत लहान मुलेच अधिक होती. सात जणांचा अंत झाला.

न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशी आयोगाने २००२ साली आपला अहवाल दिला. विहिरीवर क्लोरीन व गढूळपणा सतत मोजणारी साधने बसविलेली असती तर ही साथ टळली असती, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी प्रांताने सुरक्षित पिण्याच्या पाण्याचा कायदा केला आणि २००४ साली त्याच गावात पाणीपुरवठा कर्मचाऱ्यांना शिकविणारे केंद्र स्थापन झाले. जेथे अज्ञानाने घात केला, तेथेच शाळा उभी राहिली. मला शिक्षिका म्हणून हे फार योग्य वाटते.

कॅनडाची कथा इस्राएलमध्ये कशाला, असे कोणी म्हणेल. आपल्या देशानेही हा धडा किंमत मोजून घेतला आहे. १९८५ साली हैफाजवळच्या क्रायोत वस्त्यांत सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले. हजारो लोक हगवणीने आजारी पडले आणि विषमज्वराचेही रुग्ण आढळले. त्यानंतरच, १९८८ साली, सार्वजनिक पाणीपुरवठ्यात क्लोरीन घालणे देशभर सक्तीचे झाले. म्हणजे आपल्या भगिनींना जो 'औषधाचा वास' खटकतो, तो त्या आजाऱ्यांनी आपल्याला मिळवून दिलेला आहे. तो वास सौम्य असला तर तक्रारीचे कारण नाही. तो अकस्मात नाहीसा झाला किंवा एकाएकी फार वाढला, तर मात्र विचारपूस अवश्य करावी.

आज आपले पाणी कोठून येते, हेही जाणून घेतले पाहिजे. १९६४ साली राष्ट्रीय जलवाहिनी सुरू झाली आणि किनेरेतचे पाणी दक्षिणेकडे येऊ लागले. २००५ पासून अश्कलोन येथे आणि पुढे इतरत्र समुद्राचे पाणी गोडे करण्याचे मोठे कारखाने उभे राहिले आणि आज घरांतील पाण्याचा फार मोठा भाग समुद्रापासून येतो. ते पाणी इतक्या सूक्ष्म पडद्यांतून गाळलेले असते की त्यातील मॅग्नेशियमसारखी उपयुक्त द्रव्येही निघून जातात, याबद्दल तज्ज्ञांत चर्चा चालू आहे. कारखान्यातून निघालेले पाणी उत्तम असते, यात शंका नाही. परंतु ते नेगेवमधील आमच्यासारख्या छोट्या गावातील स्वयंपाकघरात येईपर्यंत लांबलचक नळ, साठवणीच्या टाक्या, जुन्या इमारतींची गंजकी जोडणी आणि दुरुस्तीसाठी खणलेले रस्ते, एवढा प्रवास करते. धोका बहुधा या शेवटच्या टप्प्यात असतो.

आता एक कबुली देते. काही वर्षांपूर्वी आमच्या भागात नळाची दुरुस्ती झाली आणि इमारतीच्या दाराशी एक कागद चिकटविण्यात आला: पुढील सूचनेपर्यंत पाणी उकळून प्यावे. कागद अर्थातच हिब्रूत होता. मी तो वाचला, घरी जाऊन पाणी उकळले, मुलांना बजावले आणि कामाला लागले. दोन दिवसांनी वरच्या मजल्यावरील एक काकी जिन्यात भेटल्या. मराठीखेरीज दुसरी भाषा त्यांना वाचता येत नाही. त्या म्हणाल्या, "तो कागद होय? मला वाटले, जिन्याच्या साफसफाईचे पैसे मागताहेत." दोन्ही दिवस त्या सरळ नळाचे पाणी पीत होत्या. परमेश्वराच्या कृपेने त्यांना काही झाले नाही. मात्र मला त्या रात्री झोप आली नाही. दोन भाषा वाचू शकणारी मी, आयुष्यभर इतरांना वाचावयास शिकविणारी, एक मजला चढून वर गेले नव्हते. वॉकर्टनमध्ये ज्यांच्यापर्यंत इशारा पोचला नाही, त्यांचेही शेजारी असतीलच.

म्हणून मावशींच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. नळाचे पाणी निःशंकपणे प्यावे, परंतु डोळे उघडे ठेवून. सकाळी पहिले पाणी थोडे वाहू द्यावे, कारण ते रात्रभर नळीत साचलेले असते. पिण्यास व स्वयंपाकास थंड नळाचेच पाणी घ्यावे, छतावरील सौर बंबाचे नव्हे. नळाच्या तोंडाची जाळी अधूनमधून काढून धुवावी. गाळणीचे भांडे वापरत असाल तर त्यातील गाळण वेळच्या वेळी बदलावे, नाही तर तेच जंतूंचे घर बनते. शिवाय साधी गाळणी म्हणजे उकळण्याला पर्याय, असे समजू नये. उकळण्याचा इशारा आला असता पाणी खळखळून उकळल्यावर निदान एक मिनिट तसेच ठेवावे, दात घासण्यासही तेच वापरावे आणि फ्रीजमधील जुना बर्फ टाकून द्यावा. तसेच ध्यानात ठेवावे की उकळल्याने जंतू मरतात, रासायनिक दोष जात नाहीत. पाण्यास डिझेलचा वा रंगाचा वास आला तर ते उकळूनही पिऊ नये, ताबडतोब पाणीपुरवठा करणाऱ्यांना कळवावे. बाटलीचे पाणी अडचणीच्या दिवसांसाठी घरात थोडे असू द्यावे. रोज विकत घेण्याची गरज नाही.

याखेरीज दोन कामे आपण समाजाने मिळून करावयाची आहेत. पहिले, आपल्या गावच्या पाण्याची शेवटची तपासणी कधी झाली आणि तिचा निकाल काय, हे आपल्या तरुण मुलांनी वर्षातून एकदा तरी पाणीपुरवठा संस्थेकडून विचारून घ्यावे आणि मंडळाच्या बैठकीत मराठीत वाचून दाखवावे. विचारणारा कोणी आहे, हे कळले की मोजणाराही जागा राहतो. दुसरे, ज्या ज्या इमारतीत आपले वृद्ध राहतात, तेथे हिब्रू वाचणाऱ्या एका शेजाऱ्याने दारावरील कागदांची जबाबदारी घ्यावी. कागद लागला की जिना चढावा, दार वाजवावे आणि सांगून यावे.

आमच्या इमारतीत ते काम मी घेतले आहे. वर राहणाऱ्या काकी आता कागद लागला की मी येण्याची वाट पाहतात. बहुतेक वेळा तो खरोखरच जिन्याच्या साफसफाईचा असतो. तरीही मी वर जातेच. रोज हजर असणाऱ्या मुलाचे नावही आपण रोज पुकारतोच ना?