मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आणि दुचाकीस्वाराची सुरक्षितता

सायलेन्सर (इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूचा आवाज दाबणारा भाग) बदलून मोठ्या आवाजाची नळी बसवली, की इतर चालक आधीच सावध होतात, असा समज अनेक दुचाकीस्वारांमध्ये आढळतो. आवाजाने लक्ष वेधले जाते हे खरे असले, तरी नळीचे तोंड मागे असल्यामुळे तो मुख्यतः मागे पसरतो. पाठीमागे कंदील धरून अंधारात चालणारा माणूस समोरून येणाऱ्याला नीट दिसत नाही, तसेच हे होय. आर्वीहून तळेगावमार्गे नागपूर-अमरावती महामार्गाला लागणाऱ्या दुचाकीस्वाराला समोरून वळणाऱ्या ट्रकचा धोका असतो आणि काचा बंद केलेल्या ट्रकचालकाला हा आवाज उशिरा पोहोचतो. अमेरिकेतील हॅरी हर्ट यांच्या 1981 च्या अहवालात 900 अपघातांच्या तपासणीतून बहुतांश धोका समोरूनच येतो, असे आढळले.

भारतात 175 सीसीवरील नव्या दुचाकीसाठी चाचणीतील आवाजाची मर्यादा 80 डेसिबल (ध्वनिपातळीचे एकक) असून, ध्वनिमानकांचा भंग मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 नुसार दंडनीय आहे. त्यामुळे सुरक्षिततेसाठी दिवसाही लावलेला हेडलाइट, उठून दिसणारे कपडे, प्रमाणित हेल्मेट आणि आवश्यक तेथे हॉर्न हेच उपाय अधिक भरवशाचे ठरतात.