उसाच्या रानातला बिबट्या

‘वन्य प्राणी कोठे राहतात?’ असा प्रश्न वर्गात विचारला, तर बहुतेक मुले ‘जंगलात’ असे उत्तर देतील. नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी किंवा सिन्नर तालुक्यातील एखादा विद्यार्थी मात्र म्हणेल, ‘आमच्या उसात!’ आणि त्याचे उत्तर चूक ठरणार नाही. आपला शेतकरी शेतालाही ‘रान’च म्हणतो. बिबट्याने हा शब्द जणू अक्षरशः खरा केला आहे.

हे रान खाजगी मालकीचे असते. सातबारा शेतकऱ्याच्या नावावर, पण त्यात वावरणारा बिबट्या मात्र 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित! जमीन कोणाचीही असो, त्याला मारणे हा गुन्हा आहे. मग एकाच रानात माणूस आणि बिबट्या यांचा निभाव कसा लागावा?

उसात असे काय आहे?

नाशिक जिल्ह्यात दारणा, गंगापूर यांसारखी धरणे झाली, पाट निघाले आणि पाण्याबरोबर ऊस आला. उसाचे पीक वर्ष ते दीड वर्ष उभे असते. उंच, दाट आणि गारवा असलेल्या अशा फडात माणसाचे येणेजाणे फारसे नसते. दिवसभर दडून राहण्यास बिबट्याला याहून चांगली जागा कोणती?

अन्नाचे काय? बिबट्या खाण्याच्या बाबतीत चोखंदळ नाही. उंदीर-घुशींपासून वासरापर्यंत काहीही त्याला चालते. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिन्नर व इगतपुरी तालुक्यांना लागून असलेल्या अकोले तालुक्यात बिबट्यांचा अभ्यास केला. वाटेवर बसविलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांत प्रत्येक बिबट्याचे छायाचित्र मिळाले. आपल्या बोटांचे ठसे जसे वेगवेगळे, तसे बिबट्याच्या अंगावरील ठिपकेही वेगवेगळे असतात. त्यावरून एकेक जनावर ओळखता येते. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, त्या शेतीच्या मुलखात दर 100 चौरस किलोमीटरला सुमारे 5 प्रौढ बिबटे होते!

त्यांच्या विष्ठेतील केस तपासून आहारही कळला. खाल्लेल्या मांसाच्या वजनापैकी सुमारे 87 टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा होता, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा 39 टक्के. शेळ्यांची संख्या कुत्र्यांहून अधिक असूनही त्यांचा वाटा 11 टक्केच होता. कारण उघड आहे. शेळ्या राखणीत असतात, रात्री गोठ्यात बांधल्या जातात. कुत्री मोकाट हिंडतात. उकिरडे वाढले की कुत्री वाढतात, आणि कुत्र्यांमागून बिबट्या येतो.

दूर नेऊन सोडले तर?

‘पिंजरा लावा आणि लांब जंगलात सोडा’ ही मागणी साहजिक वाटते. पुणे जिल्ह्यातील जुन्नर परिसरात 2001 ते 2003 या काळात हेच करण्यात आले. पकडलेल्या बिबट्यांना सरासरी 40 किलोमीटर दूर सोडले. परिणाम काय झाला? त्यापूर्वी माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत. ते 17 वर गेले!

असे का व्हावे? प्रत्येक बिबट्याची आपली अशी एक हद्द असते. तिच्यातील पाणवठे, लपण्याच्या जागा आणि माणसांच्या वेळा त्याला ठाऊक असतात. अनोळखी मुलखात सोडले की तो बिथरतो आणि मूळ जागी परतण्याची धडपड करतो. त्याची रिकामी झालेली हद्दही ओस राहत नाही. दुसरा तरुण बिबट्या तेथे येतो.

‘आजोबा’ हे याचे प्रसिद्ध उदाहरण. 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या या बिबट्याला बाहेर काढून, गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले. महामार्ग आणि रेल्वेमार्ग ओलांडत तो सुमारे 120 किलोमीटर चालून थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. वाटेत त्याने कोणाही माणसाला इजा केली नाही. 2011 मध्ये वाहनाच्या धडकेने त्याचा अंत झाला.

ऊसतोड आणि पिल्ले

मादीला साधारणतः दोन-तीन पिल्ले होतात. ती अनेकदा उसातच जन्मतात आणि ऊसतोडीच्या वेळी अचानक उघडी पडतात. अशा वेळी पिल्ले उचलून नेणे धोक्याचे, कारण त्यांची आई शोध घेत भटकते. म्हणून वनकर्मचारी पिल्लांची तपासणी करून संध्याकाळी ती त्याच जागी खोक्यात ठेवतात व दूर थांबतात. पुष्कळदा रात्री मादी येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते.

भीती खोटी नाही

याचा अर्थ बिबट्या निरुपद्रवी आहे, असा मुळीच नाही. 2020 मध्ये नाशिकजवळ दारणाकाठच्या गावांत बिबट्याच्या हल्ल्यांत माणसांचे, त्यांत लहान मुलांचेही, बळी गेले. ज्या घरातले मूल गेले, त्याला प्राणिप्रेमाचे धडे कोणत्या तोंडाने द्यायचे? माणसे सुरक्षित राहिली, तरच बिबट्याही सुरक्षित राहील. म्हणून पुढील गोष्टी पाठ करून ठेवा:

1. अंधार पडल्यावर उसाच्या कडेने एकट्याने जाऊ नका. सोबत मोठे माणूस व बॅटरी असू द्या. मोठ्याने बोलत चाला.
2. शेताच्या कडेला एकटे वाकून किंवा बसून राहू नका. बसलेले मूल बिबट्याला लहान जनावरासारखे भासते.
3. बिबट्या दिसल्यास पळू नका. ताठ उभे राहून, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरा.
4. शेळ्या-वासरे रात्री चारही बाजूंनी बंद गोठ्यात ठेवा. घराभोवती उष्टे-खरकटे टाकू नका.
5. बिबट्याभोवती गर्दी करू नका. त्याला निसटायला वाट हवी. वनखात्याला 1926 या क्रमांकावर कळवा.

सह्याद्रीच्या कुशीतील महादेव कोळी आणि वारली लोक पिढ्यान्‌पिढ्या वाघोबाला पूजत आले आहेत. वाघबारसेला त्याला नैवेद्य दाखवितात. शेजारी बलवान आहे, त्याच्याशी जपून वागावे, ही जाण त्या पूजेत आहे. विज्ञान आज तेच पुराव्यानिशी सांगते.

मित्रांनो, येत्या सुटीत आपल्या गावाचा नकाशा काढा. ऊस, ओढा, उकिरडा, गोठे आणि शाळेची वाट त्यात दाखवा. बिबट्या कोठून येत असेल आणि कोणती वाट अंधारात टाळावी, हे तुम्हांलाच दिसू लागेल. मग तो नकाशा शाळेच्या भिंतीवर लावा आणि घरच्यांनाही दाखवा.