वनजमिनीवरील निष्कासन-संरक्षण

वनजमिनीवर राहणाऱ्या किंवा ती कसणाऱ्या, परंतु मालकीचा दाखला नसलेल्या कुटुंबांना विहित चौकशी पूर्ण होण्यापूर्वी तेथून हुसकावता येऊ नये, यासाठी कायद्याने घातलेले बंधन. जमिनीवरील हक्क आणि तेथून न हलविले जाण्याचे संरक्षण या दोन भिन्न बाबी होत. परदेशी व्यक्तींबाबतही असाच भेद आढळतो : छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारानुसार (१९८४) आश्रयास अपात्र ठरलेल्या व्यक्तीलाही, जेथे तिचा छळ होण्याचा संभव आहे, अशा देशात धाडता येत नाही.

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर व मुरबाड तालुक्यांत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी इ. जमातींचे लोक डोंगरउतारांवर नाचणी व वरी पिकवितात. १८७८ व १९२७ च्या वन अधिनियमांन्वये जंगले राखीव झाली. मात्र पुष्कळशा वहिवाटींची नोंद झाली नाही आणि कसणारा कागदोपत्री अतिक्रमक ठरला. ३ मे २००२ रोजी केंद्रीय वन मंत्रालयाने अपात्र अतिक्रमणे हटविण्याचे आदेश दिले. त्यामुळे देशभर उसळलेल्या असंतोषाची परिणती २००६ च्या वनहक्क अधिनियमात झाली.

या अधिनियमाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून प्रत्यक्ष ताब्यात असलेली जमीन, कमाल चार हेक्टरांपर्यंत, मान्य केली. बिगर-आदिवासींना त्याआधीच्या तीन पिढ्यांचे (७५ वर्षांचे) वास्तव्य सिद्ध करावे लागते. कलम ४(५) अन्वये पडताळणी पूर्ण होईपर्यंत दावेदारास हलविता येत नाही. म्हणजे जो अखेरीस अपात्र ठरू शकेल, त्यालाही तोवर हे संरक्षण लाभते. दावा प्रथम ग्रामसभेपुढे, नंतर उपविभागीय व जिल्हा समित्यांपुढे जातो. ज्येष्ठांचे जबाब, जुनी घरे, विहिरी व दफनभूमी हेही पुरावे ग्राह्य आहेत. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे संपूर्ण शहापूर तालुका व मुरबाडमधील काही गावे यांत, जिल्हा समितीच्या निर्णयाविरुद्ध विभागीय समितीकडे दाद मागण्याची तरतूद २०२० मध्ये झाली.

१३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे अंतिमतः फेटाळलेल्यांना हटविण्याचे निर्देश दिले. तथापि फेटाळणीची प्रक्रिया रीतसर झाली होती काय, हा प्रश्न उपस्थित झाल्याने २८ फेब्रुवारीस ते स्थगित केले. हाच या संरक्षणाचा गाभा होय. नियमांनुसार (२०१२) नकाराची कारणे दावेदारास व्यक्तिशः कळवावी लागतात व अपिलास ६० दिवसांची मुदत असते. पावसाळा सरताच वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांच्या दृष्टीने ही तरतूद निर्णायक ठरते. कारण न कळलेल्या निर्णयाविरुद्ध अपील करता येत नाही.