लेबलवरचा त्रिकोण आणि श्वासावाटे जाणारे विष

कीटकनाशकाच्या लेबलवरील रंगीत त्रिकोण शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. लाल म्हणजे अतितीव्र विषारी. त्यानंतर उतरत्या क्रमाने पिवळा, निळा आणि हिरवा. कीटकनाशके नियम, १९७१ नुसार हा रंग प्रयोगशाळेतील प्राण्यांवरील चाचण्यांवरून ठरतो. रसायन पोटात गेल्यास किंवा त्वचेला लागल्यास ज्या मात्रेने निम्मे प्राणी दगावतात, ती मात्रा येथे आधारभूत धरली जाते. श्वासावाटे होणारी बाधा या रंगात मोजलेलीच नाही. त्यामुळे निळा किंवा हिरवा त्रिकोण पाहून तोंडावरचा मास्क काढणे धोक्याचे ठरते.

श्वसनबाधेची चाचणी स्वतंत्रपणे होते. उंदरांना साधारणतः चार तास ठरावीक तीव्रतेच्या वाफेत किंवा तुषारांत ठेवून पुढे १४ दिवस त्यांचे निरीक्षण केले जाते. पोटातून शोषलेले रसायन प्रथम यकृतात जाते व तेथे त्यात बदल होतात. फुप्फुसांतून मात्र ते थेट रक्तात मिसळते. काही रसायने तर फुप्फुसांचेच अस्तर जाळतात.

याचे सर्वांत भीषण उदाहरण शेतीशीच निगडित आहे. कार्बारिल या कीटकनाशकाच्या निर्मितीत वापरला जाणारा मिथाइल आयसोसायनेट डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळमध्ये गळला. त्यानंतरच्या प्रयोगांत, हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे अवघे पाच-सहा भाग असताना सहा तासांच्या संपर्काने निम्मे गिनीपिग व मोठे उंदीर मेले. कित्येक प्राणी काही दिवसांनी दगावले. हे बहुतेक अभ्यास दुर्घटनेनंतर झाले, ही खेदाची बाब होय.

प्रयोगातील उंदीर स्वस्थ बसलेला असतो आणि केवळ नाकाने श्वास घेतो. पाठीवर पंप घेऊन चालणारा मजूर दमतो, अधिक हवा ओढतो आणि तीही तोंडाने; नाकात अडले असते असे तुषार मग खोलवर जातात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी व मजुरांना विषबाधा झाली आणि २० हून अधिक जण दगावले. उंच पिकात त्वचा आणि श्वास या दोन्ही वाटांनी विष शरीरात जाते.

तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही. उलट तो भिजल्यास विष तोंडाशीच राहते. वाफेसाठी सक्रिय कोळशाची गाळणी असलेला मास्क हवा. लाळ, घाम, छातीत घरघर किंवा डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे ही लक्षणे दिसताच रुग्णाला मोकळ्या हवेत आणावे, भिजलेले कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि विलंब न करता रुग्णालयात न्यावे. औषधाचे लेबल सोबत असावे, कारण उतारा रसायनाच्या गटानुसार बदलतो.