पीबरचं कुरण, व्हिएन्नाची पागा

व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नव्यानं भरती झालेल्या शिकाऊ स्वाराच्या हाती सुरुवातीला लगाम देत नाहीत आणि पायाला रिकीबही देत नाहीत. घोडा मात्र देतात, तोही चांगला मुरलेला. मैदानात शिक्षक मधोमध उभा राहतो, लांब दोरानं घोड्याला गोल फिरवतो आणि वरच्या पोरानं फक्त बसायचं. ऐकायला सोपं वाटतं. घोडा संथ चालीवरून दुडकीवर आला की बसणं म्हणजे काय ते कळतं. हे महिनोन्‌महिने चालतं. मांड्या भरून येतात, कंबर धरते, कधी माती चाखावी लागते. उरलेल्या वेळात तबेला झाडायचा, खरारा करायचा, खोगिरं आणि लगाम पुसून लख्ख ठेवायचे.

जगाला ही संस्था माहीत आहे ती झुंबरांखाली संगीतावर पावलं टाकणाऱ्या पांढऱ्याशुभ्र घोड्यांसाठी. प्रवासी तिकीट काढून येतात, टाळ्या वाजवतात, जातात. माझ्या मते तो खेळ हा या संस्थेचा सगळ्यात लहान भाग. तिचं बळ आहे सुमारे दोनशे किलोमीटर दूर असलेल्या पीबर गावच्या कुरणात आणि दोराभोवती फिरणाऱ्या त्या घोड्याच्या पाठीवर.

हॉफबुर्ग राजवाड्याजवळ घोडेस्वारीचं मैदान बांधल्याची पहिली कागदोपत्री नोंद १५६५ सालची आहे. आजचं दालन सम्राट सहाव्या चार्ल्सनं १७२९ ते १७३५ या काळात बांधवून घेतलं. वास्तुरचनाकार होता योझेफ एमानुएल फिशर फॉन एर्लाख. ५५ मीटर लांब, १८ मीटर रुंद, १७ मीटर उंच. भिंती पांढऱ्या, खांब पांढरे, आणि एका टोकाला सम्राटाचं चित्र. आत येणारा प्रत्येक स्वार आजही टोपी काढून त्या चित्राला मुजरा करतो. १८४८ मध्ये ऑस्ट्रियाची संविधानसभा याच दालनात भरली होती. लोकप्रतिनिधींना घोड्यांच्या जागेत बसवण्याचा मान फार थोड्या इमारतींना मिळाला असेल!

नावातलं ‘स्पॅनिश’ आलं ते घोड्यांमुळे. त्या काळी युरोपातल्या राजघराण्यांना स्पेनकडच्या घोड्यांचं वेड होतं. १५८० मध्ये आर्चड्यूक चार्ल्सनं लिपित्सा या गावी, म्हणजे आजच्या स्लोव्हेनियात, तशा घोड्यांची पैदास सुरू केली. त्यातून लिपित्सानर ही जात घडली. पहिल्या महायुद्धानंतर साम्राज्य फुटलं, लिपित्सा इटलीकडे गेलं आणि घोड्यांचीही वाटणी झाली. ऑस्ट्रियाच्या वाट्याचा कळप १९२० मध्ये स्टायरिया प्रांतातल्या पीबरला आला.

पीबरमध्ये शिंगरू जन्मतं तेव्हा ते काळंभोर नाहीतर तपकिरी असतं. पांढरा रंग सहा ते दहा वर्षांत हळूहळू चढतो. एखादा घोडा जन्मभर तपकिरीच राहतो, आणि असा एक तरी पागेत असावा, तो शुभ असतो, अशी व्हिएन्नाची समजूत आहे. प्रत्येक नराच्या नावात आधी वंशाच्या मूळ पुरुषाचं नाव आणि मग आईचं नाव. कोनव्हर्सानो, फाव्होरी, माएस्तोसो, नेआपोलितानो, प्लूटो आणि सिग्लावी ही ती सहा घराणी. आईचं नाव लावण्याचा हा रिवाज मला फार शहाणपणाचा वाटतो. पैदाशीत वळूचा गाजावाजा होतो, पण अकरा महिने पोटात वाढवणारी आणि पुढे सहा महिने अंगावर पाजणारी घोडीच शिंगराचा स्वभाव घडवते, हे जुन्या जाणकारांना कोणी सांगावं लागत नाही.

दूध तुटलं की शिंगरं बरोबरीच्या वयाच्या कळपात जातात. उन्हाळ्यात तरणे घोडे आल्प्सच्या चढावरच्या कुरणांत सोडतात. तिथं दगड, उतार, ओढे, अचानक येणारं वादळ. पाठीवर कोणी बसत नाही. ते चढउतार करत वाढतात आणि त्यातूनच खूर टणक होतात, पायांच्या शिरा चिवट होतात, छाती भरते, तोल येतो. शर्यतीचा घोडा दोन वर्षांचा झाला की त्याला मैदानात उतरवतात. इथं खोगीर चढतं ते चौथ्या वर्षाच्या आसपास. घोड्याच्या कण्याची हाडं पक्की व्हायला पाच-सहा वर्षं लागतात, हे लक्षात घेतलं तर कोणती घाई महागात पडते ते सांगायला नको. घोड्यांचा फार्म काढू पाहणाऱ्याला पीबरकडून शिकण्यासारखी पहिली गोष्ट हीच: काही न करण्याची वर्षंसुद्धा नियोजनात आणि हिशेबात धरावी लागतात.

हिशेबाचंच बोलायचं तर घोडा हे फार खर्चिक पोट आहे. साडेचारशे किलोच्या घोड्याला रोज वजनाच्या दोन टक्के, म्हणजे नऊ किलोच्या आसपास कोरडी वैरण आणि दाणा लागतो. पाणी तीस-चाळीस लिटर, उन्हाळ्यात आणि कामाच्या दिवशी त्याहून जास्त. लीद वीस किलोच्या घरात. वीस घोड्यांचा तबेला असेल तर रोज चारशे किलो लीद उचलायची. ती कुठं टाकायची हे आधी ठरलेलं नसेल, तर महिन्याभरात माश्याच मालक होतात.

त्यात या एवढ्या मोठ्या जनावराचं पोट लहान, जेमतेम दहा-पंधरा लिटरचं. निसर्गानं त्याला दिवसभर थोडं थोडं चरायला बनवलंय. शिवाय घोड्याला ओकता येत नाही. एकदम भरपूर चंदी घातली, वैरण अचानक बदलली, पाणी कमी पडलं, की पोटशूळ उठतो, आणि पोटशुळानं धडधाकट घोडा एका रात्रीत जातो. म्हणून चांगल्या पागेत आधी गवत, मग दाणा, आणि तोही तीन-चार वेळा विभागून. नवी वैरण आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवायची. खूर महिन्याला सहा ते दहा मिलिमीटर वाढतो, म्हणून सहा-आठ आठवड्यांनी नालबंद आलाच पाहिजे. धनुर्वाताची लस चुकवायची नाही, कारण या रोगाला घोड्याइतकं लवकर बळी पडणारं जनावर कमी. दात, जंत, नाल, लस, सगळ्याची वही. नवा घोडा आला की तीन आठवडे वेगळा. १९८३ मध्ये पीबरला विषाणूची साथ आली तेव्हा सुमारे चाळीस घोडे दगावले. शतकांची पैदास एकाच आवारात असली की एक रोग काय करू शकतो, त्याचा हा धडा.

आता स्वाराकडे येऊ. घोडेस्वारीत मेहनत घोड्याची, माणूस नुसता बसून असतो, हा गैरसमज पहिल्या दिवशी संध्याकाळी जिना उतरताना जातो. दुडकीत घोड्याची पाठ दर पावलाला वर उसळते. तो धक्का स्वारानं कंबरेत, पोटात आणि खुब्यात जिरवायचा असतो. जिरला नाही तर तो घोड्याच्या पाठीवर आदळतो, आणि रोज आदळला की घोडा पाठ चोरायला लागतो. कान, खांदा, खुबा आणि टाच एका उभ्या रेषेत. ग्रीक लेखक झेनोफोननं तेवीसशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय की घोड्यावर खुर्चीत बसल्यासारखं नव्हे, तर पाय फाकवून उभं असल्यासारखं बसावं. व्हिएन्नाचे स्वार आजही तसंच बसतात.

तयारी करायची तर कशाची? नुसती ताकद कामाची नाही. व्यायामशाळेत मांड्या कमावलेला गडी घाबरला की गुडघे आवळतो, आणि गुडघे आवळले की बूड वर उचललं जातं. हवा तो मोकळा खुबा, न डगमगणारं पोट आणि सैल खांदे. सूर्यनमस्कार, सावकाश मारलेल्या बैठका, प्लँक, एका पायावर उभं राहणं, चढावर भरभर चालणं एवढं दीड-दोन महिने नेमानं केलं तरी फरक दिसतो. लहानपणापासून मांडी घालून आणि उकिडवं बसणाऱ्याला खुब्याच्या मोकळेपणात थोडी आघाडी मिळत असावी. खुर्चीनं ती घालवली नसेल तर. श्वास रोखायचा नाही, हे सगळ्यात अवघड, कारण स्वारानं श्वास धरला की खालचा घोडाही ताठरतो.

आणि वजन. खोगिरासकट स्वाराचा भार घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापलीकडे जाऊ नये, असा साधारण दंडक आहे. साडेतीनशे किलोच्या घोड्यावर सगळं मिळून सत्तर किलो. खोगिराचे आठ-दहा वजा केले की उरतं साठ. आपल्याकडच्या पर्यटनस्थळी काय चाललेलं असतं ते वाचकांनी पाहिलेलं आहे.

अनुभवी घोड्यानं नव्या स्वाराला शिकवायचं आणि अनुभवी स्वारानं नव्या घोड्याला, हा व्हिएन्नाचा नियम. पहिल्या वर्षी घोड्याला नुसतं सरळ, मोकळं चालवतात. मग वळणं, बाजूची पावलं, चालींमधले बदल, आणि शेवटी निवडक घोड्यांना उंच उड्या. मागच्या पायांवर वाकून पुढचं अंग उचलून धरायचं ती ‘लेवाद’ म्हणजे घोड्याची अर्धी बैठक. पाच-सहा वर्षं पुठ्ठे कमावल्याशिवाय ती जमत नाही. ‘काप्रिओल’मध्ये घोडा हवेत उडी घेऊन मागच्या लाथा झाडतो, आणि वरचा स्वार रिकिबीशिवाय बसलेला असतो. घोडा तयार व्हायला सहा वर्षं, स्वार तयार व्हायला आठ ते बारा. एक तरी नर स्वतःच्या हातानं खेळापर्यंत तयार केल्याशिवाय कोणाला पूर्ण स्वार म्हणत नाहीत. यातलं बरंचसं ज्ञान तोंडी चालत आलंय. युनेस्कोनं २०१५ मध्ये त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. मुलींना मात्र प्रवेश मिळायला २००८ उजाडावं लागलं, हा या परंपरेचा कमीपणाच.

दुसऱ्या महायुद्धात ही साखळी तुटायला आली होती. पीबरच्या घोड्या आणि शिंगरं जर्मनांनी बोहेमियातल्या होस्टाऊला हलवली होती. संचालक आलोइस पोधाइस्की, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमधले कांस्यपदक विजेते, नरांना घेऊन व्हिएन्नाबाहेर अप्पर ऑस्ट्रियात गेले. ७ मे १९४५ रोजी त्यांनी अमेरिकन जनरल पॅटन यांच्यापुढे घोड्यांचा खेळ केला आणि संरक्षण मागितलं. पॅटन स्वतः १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये उतरलेला घोडेस्वार, त्यामुळे शब्द वाया गेला नाही. होस्टाऊची जनावरं अमेरिकन सैनिकांनी त्याआधीच, एप्रिलच्या अखेरीस, ताब्यात घेतली होती. संस्था व्हिएन्नाला परतली ती १९५५ मध्ये. २००१ पासून पीबर आणि व्हिएन्ना एकाच कंपनीखाली आहेत आणि तिकिटांचं उत्पन्न हा मोठा आधार. खेळ वाढवले की पैसा वाढतो आणि घोडे थकतात, ही ओढाताण तिथंही आहेच.

हे सगळं परदेशी कौतुक म्हणून सांगत नाही. शिवाजी महाराजांच्या पागेची व्यवस्था सभासदाच्या बखरीत आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि दर पंचवीस घोड्यांमागे पाणी पुरवणारा एक पखालजी आणि एक नालबंद. पावसाळ्यात फौज छावणीला परतायच्या आधी दाणा, गवत, औषधं आणि घोड्यांसाठी आडोसा तयार. पाणी आणि खूर या दोन गोष्टींसाठी स्वतंत्र माणूस नेमायला हवा, हे साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्यांना कळत होतं त्यांच्या मुलखात आज वीस घोड्यांचे क्लब एका मोतद्दारावर आणि फोन केल्यावर येणाऱ्या नालबंदावर चालतात.

पुण्या-नाशिकच्या आसपास मुलाला किंवा स्वतःला घोडेस्वारी शिकवायला निघाला असाल, तर जाहिरातीतले फोटो पाहू नका. सकाळी लवकर, न कळवता पागेत जा. पाण्याची भांडी भरलेली आहेत का, खाली ओली लीद साचली आहे का, घोड्यांच्या पाठीवर खोगिराच्या जखमा आहेत का, शेवटचा नाल कधी मारला हे वहीत लिहिलेलं आहे का, ते बघा. आपलं वजन कोणी विचारतं का तेही बघा. वही नसेल आणि वजन विचारलं नसेल, तर तिथं फी भरू नका.