खपलीच्या पानावरची झुंज

सांगली, सातारा, कोल्हापूर भागात पिढ्यान्‌पिढ्या खीर-पुरणपोळीसाठी पिकत आलेला खपली गहू शंभर वर्षांपूर्वीच अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत पोहोचला होता. मिनेसोटा विद्यापीठातले एल्विन स्टॅकमन आणि त्यांचे सहकारी गव्हाच्या खोडावरच्या तांबेऱ्याचे प्रकार वेगळे ओळखण्याची रीत बसवत होते. त्यासाठी त्यांनी बारा गहू निवडले, त्यांतला एक होता ‘खपली’. रोगाचा नमुना या बारांवर सोडायचा आणि कोणता गहू बळी पडतो, कोणता तग धरतो, यावरून तांबेऱ्याचा प्रकार ठरवायचा. बहुतेक प्रकारांपुढे खपली टिकून राहायची. ती टिकते कशी, हे पाहायचं तर पानाच्या आतच शिरावं लागतं.

तांबेरा ही बुरशी. वाऱ्यावर आलेला तिचा डोळ्यालाही न दिसणारा बीजाणू पानावर पडतो आणि रात्रीच्या दवात रुजतो. त्यातून निघालेला तंतू पानाच्या शिरांना आडवा वाढतो. गव्हाच्या पानावर श्वासाची रंध्रं शिरांच्या दिशेने रांगेत असतात, त्यामुळे आडवं जाणाऱ्याला कुठे ना कुठे एखादं रंध्र लागतंच. ना डोळे, ना मेंदू. निव्वळ स्पर्शाने वाट काढत हा तंतू दार गाठतो, उजाडल्यावर आत शिरतो आणि जिवंत पेशीत शोषकांग रोवतो. तो पेशीला मारत नाही, कारण त्याला जिवंत पेशीतलंच अन्न हवं असतं. आठ-दहा दिवसांत पानावर आणि खोडावर विटकरी पुळ्या फुटतात आणि त्यांतून हजारो नवे बीजाणू वाऱ्यावर निघतात.

आपल्या रक्तात रोगजंतूंचा पाठलाग करत फिरणाऱ्या पेशी असतात. झाडाकडे तसं काही नाही. त्याच्या प्रत्येक पेशीला स्वतःचा पहारा स्वतःच करावा लागतो. बुरशीच्या भिंतीतल्या कायटिनचे तुकडे जाणवताच पेशी सावध होते. हा पहारा मोडायला बुरशी स्वतःची प्रथिनं पेशीत सोडते. पण गव्हाकडे योग्य जनुक असेल, तर नेमकं तेच प्रथिन चोराला पकडून देतं. एसआर३५ या जनुकाच्या बाबतीत हे 2022 मध्ये अगदी रेणूपातळीवर दिसलं: गव्हाची पाच प्रथिनं बुरशीच्या पाच प्रथिनांना धरून एक कडं तयार करतात. त्या कड्यातून कॅल्शियम पेशीत घुसतं आणि पेशी मरते. जिवंत पेशीवरच जगणारी बुरशी तिथेच उपाशी पडते. पानावर उरतो फक्त एक फिकट ठिपका. काही पेशींनी जीव दिलेला असतो आणि अख्खं रोप वाचलेलं असतं.

मात्र हा विजय कायमचा नसतो. बुरशीने ते एक प्रथिन बदललं किंवा टाकून दिलं, की गव्हाची ओळख चुकते. 1999 मध्ये युगांडात ओळखल्या गेलेल्या युजी९९ या तांबेऱ्याने एसआर३१ हे जनुक असंच निकामी केलं आणि त्यावर विसंबलेले जगभरातले गहू धोक्यात आले. अशा वेळी जी थोडी जनुकं युजी९९ पुढे टिकली, त्यांत एसआर१३ होतं. ते खपलीत आहे. 2017 मध्ये त्याची रचनाही उलगडली. तेही असंच पहारेकरी प्रथिन बनवतं.

आपल्याकडे निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांतून तांबेऱ्याचे बीजाणू वाऱ्याबरोबर उत्तरेकडे येतात. 1946-47 च्या हंगामात मध्य भारतातल्या गव्हाची त्याने दैना केली होती. महाबळेश्वरचं गहू गेरवा संशोधन केंद्र याच रोगावर काम करतं. नवे वाण तयार करताना एका जनुकावर न विसंबता अनेक जनुकं एकत्र आणणं, हाच टिकाऊ मार्ग आहे. पण ती जनुकं प्रयोगशाळेत शून्यातून जन्मत नाहीत, जुन्या वाणांतून मिळतात. म्हणून ज्यांच्या घरी खपलीचं बियाणं आहे, त्यांनी दरवर्षी चार सऱ्या तरी ती पेरावी. ज्यांच्याकडे शेत नाही, त्यांनी ती विकत घेऊन खावी. मागणी राहिली तरच पेरा राहील, आणि पेरा राहिला तरच उद्याच्या तांबेऱ्याशी लढणारी जनुकं आपल्या हाती राहतील.