नाटककाराचे निवांत गद्य : विजय तेंडुलकरांचे ललितलेखन आणि नाटके

प्रास्ताविक

मागील घटकात आपण आत्मचरित्र आणि ललित निबंध या दोन वाङ्मयप्रकारांची लक्षणे पाहिली. या घटकात त्यांच्या सीमेवरील एका लेखनाचा विचार करावयाचा आहे. आयुष्यभर नाटके लिहिणारा लेखक नाटकाबाहेर स्वतःविषयी, रंगभूमीविषयी आणि रोजच्या साध्या सुखांविषयी लिहू लागतो, तेव्हा त्याच्या भाषेत काय बदलते आणि काय तसेच राहते, हा आपला प्रश्न आहे. उदाहरण म्हणून विजय तेंडुलकर (१९२८–२००८) यांचे लेखन घेतले आहे.

अभ्यासक्रमात तेंडुलकर बहुधा एकाच बाजूने भेटतात. 'शांतता! कोर्ट चालू आहे', 'गिधाडे', 'सखाराम बाइंडर', 'घाशीराम कोतवाल' ही नाटके वाचून 'हिंसेचा नाटककार' अशी त्यांची प्रतिमा तयार होते आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत ती वर्षानुवर्षे त्याच शब्दांत उतरते. परंतु 'सखाराम बाइंडर' आणि 'घाशीराम कोतवाल' रंगभूमीवर आली ते वर्ष १९७२. आणि त्याच सुमारास 'कोवळी उन्हे' आणि 'रातराणी' ही त्यांच्या ललित लेखांची पुस्तके वाचकांच्या हाती होती. एकाच टेबलावर, एकाच लेखणीने हे दोन्ही लिहिले जात होते. लेखक दुभंगलेला होता असे म्हणून हा प्रश्न झटकता येतो, पण ते उत्तर आळशीपणाचे आहे.

पूर्वपीठिका

नाटकमंडळींच्या आत्मपर लेखनाची परंपरा मराठीत मोठी आहे. मामा वरेरकरांनी आपल्या आत्मकथनाला 'माझा नाटकी संसार' हे नाव दिले. व्यवहारात 'नाटकी' हे विशेषण कौतुकाने वापरले जात नाही. 'फार नाटकी वागतो' असे आपण म्हणतो. वरेरकरांच्या शीर्षकात 'नाटकाचा' हा अर्थ आहे आणि 'खोटा, दिखाऊ' हा अर्थही दाराशी उभा आहे.

आपल्या कोल्हापूर परिसरातील गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. त्यांचा जन्म सांगवडे येथला. १९११ च्या 'मानापमान'चे संगीतकार, १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीचे एक भागीदार, 'पट-वर्धन' आणि 'वरवंचना' या नाटकांचे लेखक, आणि १९३२ साली 'प्रभात'च्या 'अयोध्येचा राजा'त हरिश्चंद्र झालेले नट, अशा अनेक भूमिका त्यांनी केल्या. स्वतःविषयी लिहिताना त्यांनी दोन पुस्तके लिहिली : 'माझा संगीत व्यासंग' आणि 'माझा जीवनविहार'. व्यासंगात कष्ट आहेत, चिकाटी आहे. विहारात मोकळे हिंडणे आहे. एका आयुष्यासाठी त्यांनी दोन नामे निवडली. कलेचा उद्योग आणि जगण्याचे सुख यांचा हिशेब वेगवेगळ्या वह्यांत ठेवावा, अशी एक धारणा या नावांमागे जाणवते. तेंडुलकरांची पुस्तकेही वरवर पाहता अशीच विभागली आहेत : एकीकडे १९९७ चे 'नाटक आणि मी', दुसरीकडे ललित लेखांचे संग्रह. ही विभागणी कितपत खरी आहे, ते आता पाहू.

शीर्षके काय सांगतात

'कोवळी उन्हे', 'रातराणी', 'फुगे साबणाचे', 'रामप्रहर'. यांतील तीन नावे दिवसाच्या एखाद्या वेळेशी बांधलेली आहेत : सकाळ, रात्र, पहाट. चौथे नाव क्षणभर टिकणाऱ्या वस्तूचे आहे. 'ऊन' हे नाम एरवी आपण एकवचनात वापरतो. 'ऊन पडले', 'उनात उभा राहू नको'. 'उन्हे' हे अनेकवचन येते ते वेळ सांगताना : उन्हे वर आली, उन्हे उतरली. म्हणजे 'उन्हे' म्हटले की नुसता प्रकाश राहत नाही, त्यात सरकणारा काळ येतो. 'फुगे साबणाचे' या नावात विशेषणात्मक शब्द नामाच्या मागे गेला आहे. 'साबणाचे फुगे' ही वस्तू झाली. क्रम उलटताच तिला कवितेचा झोक आला.

आता नाटकांची नावे शेजारी ठेवा. 'गिधाडे' हा शब्द थेट आरोपासारखा आहे. 'शांतता! कोर्ट चालू आहे' ही आज्ञा आहे. 'सखाराम बाइंडर' आणि 'घाशीराम कोतवाल' ही नावे हजेरीपटावरून पुकारल्यासारखी आहेत. ललित लेखनाची नावे वेळेची, नाटकांची नावे माणसांची आणि त्यांच्यावरच्या हुकुमाची. शीर्षकांवरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, हे मला मान्य आहे. तरी हा भेद सहज झालेला वाटत नाही.

सवयीचा काळ

मराठी व्याकरणात रीतिभूतकाळ नावाचा एक काळ आहे. भूतकाळात एखादी क्रिया पुन्हा पुन्हा, सवयीने घडत होती असे सांगण्यासाठी तो वापरतात. उदाहरणार्थ : 'आजोबा रोज पहाटे रंकाळ्यावर फिरायला जात, परतताना गंगावेशीत धारोष्ण दूध पीत आणि उन्हे वर येण्याआधी घरी येत.' किंवा एकवचनात : 'तो येई, ओट्यावर बसे, काहीतरी गुणगुणे.' आठवणी सांगणाऱ्या मराठी गद्यातील सुखे मोठ्या प्रमाणात या काळात राहतात. एकदाच प्यायलेल्या दुधाचे कोणी फारसे वर्णन करत नाही. ते रोज प्यायले जात असे, म्हणूनच ते सुख होते.

या रूपांचा इतिहासही ध्यानात घेण्याजोगा आहे. 'करी', 'जाई', 'बसे' ही रूपे प्राचीन मराठीत वर्तमानकाळाची होती. पुढे 'करतो', 'जातो' ही रूपे रूढ झाली आणि जुनी रूपे सवयीच्या भूतकाळाकडे सरकली. 'देव तारी त्याला कोण मारी' या म्हणीत तो जुना वर्तमानकाळ अद्याप जिवंत आहे. आज 'तो येई' म्हणताना आपण जी रूपे वापरतो, ती एकेकाळी 'आत्ता' सांगणारी होती.

नाटकाला मात्र हा काळ वापरता येत नाही. रंगसूचना पाहा : 'येते', 'थांबते', 'दार लावून घेतो'. रंगमंचावर जे घडते ते एकदा, आत्ता, प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर घडते. 'ती रोज सकाळी येत असे' हे पात्र तोंडाने सांगू शकेल, पण दाखवता येणार नाही. सवय दाखवायची तर नाटककाराला ती एका लकबीत कोंबावी लागते. 'शांतता! कोर्ट चालू आहे' मधले काशीकर कान कोरत असतात. ती एक कृती पाहताच या गृहस्थांच्या साऱ्या सकाळी आणि दुपारी आपल्याला कळतात. ललित लेखात ज्याला अख्खा परिच्छेद मिळाला असता, त्याला नाटकात एक कानकोरणे मिळते.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. नाटकाला संघर्ष लागतो आणि निवांत सुखात संघर्ष नसतो. सकाळच्या उन्हात बसलेल्या माणसाचे नाटक होत नाही. मग नाटककाराने आयुष्यभर गोळा केलेल्या या सामग्रीचे होते काय? तिचा काही भाग ललित लेखांत जातो, हे उघड आहे. उरलेला भाग नाटकांत शिरतो आणि तेथे त्याचे रूप पालटते.

मुंगळा आणि हसू

'सखाराम बाइंडर' मधील लक्ष्मी आठवा. नवऱ्याने टाकलेली ही स्त्री सखारामच्या घरी राहते, त्याचे घर सांभाळते, मार खाते. घरात कोणी नसताना ती एका मुंगळ्याशी बोलते. त्याला साखर घालते, लटके रागावते, हसते. हा प्रसंग वेगळा काढून वाचला तर तो ललित लेखातील परिच्छेद शोभेल. एकाकी माणसाने रोजच्या दिवसातून स्वतःपुरते चिमूटभर सुख काढलेले आहे. पण हे घर सखारामचे आहे. तो ते हसणे ऐकतो. पुढे रात्री तो तिच्याकडे त्याच हसण्याची मागणी करतो : मुंगळ्यापाशी हसत होतीस तशी हस. ती हसू शकत नाही, आणि तिला धाक दाखवून हसवले जाते.

या नाटकातील शिव्यांची आणि मारहाणीची चर्चा फार झाली. सेन्सॉर आणि न्यायालयापर्यंत ती गेली. माझ्या मते नाटकातील सर्वांत क्रूर क्षण या हसण्याच्या मागणीत आहे. 'हस' या एका आज्ञार्थी रूपात सखारामची सारी सत्ता एकवटते. जे आपोआप होते ते हुकुमाने करावे लागले की ते उरत नाही, एवढेच येथे घडत नाही. यानंतर लक्ष्मीला मुंगळ्याशीदेखील पूर्वीसारखे हसता येईल का, ही शंका वाचकाच्या मनात राहते.

हेच सूत्र लीला बेणारेच्या बाबतीत तपासून पाहा. नाटकाच्या आरंभी ती सामंतांबरोबर सभागृहात येते. कडीत बोट चेमटलेले आहे, पण ती आनंदात आहे. बोलते, थट्टा करते, मध्येच गुणगुणते. सामंतांच्या हातात पुतण्यासाठी आणलेला हिरवा कापडी पोपट आहे. किरकोळ, रोजच्या आयुष्यातली ही सामग्री आहे. वेळ घालवण्यासाठी सुरू झालेला अभिरूप खटला पुढे सरकतो तसे तिचे हसणे, तिचे बोलणे, तिचे कोणाकडे जाणे यांचा पुरावा होऊ लागतो. सखारामने हसण्याची मागणी केली. येथे सहकारी हसण्याचा जाब विचारतात. नाटकाच्या शेवटी सामंत तोच पोपट तिच्याजवळ ठेवून जातात. त्या वेळी त्याचा रंग तोच असतो, पण तो पहिल्या अंकातला पोपट राहिलेला नसतो.

यावरून एक विधान मांडता येते. तेंडुलकरांच्या ललित गद्यातील सुखे ही अद्याप कोणी हक्क न सांगितलेली सुखे आहेत. त्यांच्या नाटकांत त्याच प्रकारच्या सुखांवर कोणीतरी हक्क सांगतो. सामग्री एकच आहे. म्हणून 'कोवळी उन्हे' हे नाटकांच्या मधल्या सुटीतील हलकेफुलके लेखन समजणे योग्य नाही. काय हिरावले जाते याची नेमकी माहिती असल्याशिवाय हिरावण्याचे नाटक लिहिता येत नाही.

ऐकण्याचा अभ्यास

ही माहिती आली कोठून? तेंडुलकरांच्या एका पुस्तकाचे नावच 'हे सर्व कोठून येते?' असे आहे. (बोलीतील 'कुठून' न घेता त्यांनी ग्रांथिक 'कोठून' घेतले आहे, प्रश्नाला थोडा गंभीरपणा आला तो त्यामुळे.) त्यांचे वडील धोंडोपंत हौशी रंगभूमीवर रमणारे होते आणि लहान विजयला तालमींना सोबत नेत. शालेय शिक्षण मुंबई, कोल्हापूर आणि पुणे अशा तीन शहरांत झाले. १९४२ च्या आंदोलनाच्या काळात शाळा सुटली ती सुटलीच. तीन शहरे म्हणजे तीन तऱ्हांची मराठी. मुंबईच्या चाळीत 'काय रे, येतोस का?' असे विचारतात. कोल्हापुरात त्याच प्रश्नाला 'येतंयस न्हवं?' असे रूप येते आणि पुण्यात आणखी काही. शाळा बदलणाऱ्या मुलाला नवे पुस्तक मिळण्याआधी नवा कान तयार करावा लागतो. पुढे वृत्तपत्रांतील नोकरीने कमी शब्दांत लिहिण्याची शिस्त लावली.

'शांतता!'च्या जन्माविषयी तेंडुलकरांनी स्वतः सांगितलेली हकिकत प्रसिद्ध आहे. विलेपार्ल्याला अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला निघालेल्या एका हौशी मंडळींचे आपसातले बोलणे त्यांच्या कानावर पडले, आणि तेथून नाटकाचे बीज मिळाले. प्रवासात शेजाऱ्यांचे बोलणे ऐकणे हा आपणा सर्वांचा फुकटचा विरंगुळा आहे. तुमच्यापैकी अनेकजण एस.टी.ने कामावर जाताना तो रोज अनुभवत असाल. दिवसभर नोकरी करून रात्री पुस्तक उघडणाऱ्या विद्यार्थ्याला आपला दिवस वाङ्मयाबाहेरचा वाटतो. किमान या लेखकाच्या बाबतीत तरी तसे मानण्याला आधार नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. ललित लेखातील 'मी' हा प्रत्यक्ष लेखक आहे असे गृहीत धरून त्यावरून नाटकांचा अर्थ लावू नये. मराठी ललित गद्यात हा 'मी' पुष्कळदा 'आपण' होतो : 'आपण चहा घेऊन गॅलरीत येतो, तर समोर...' या 'आपण'मध्ये लेखक आहे, वाचक आहे आणि कोणीही आहे. 'आम्ही' म्हटले असते तर वाचक बाहेर राहिला असता. नाटकात असा 'आपण' नसतो. तेथे प्रत्येक 'मी' एखाद्या पात्राचा असतो आणि तो दुसऱ्या 'मी'शी भांडत असतो.

स्वाध्याय

१. तेंडुलकरांच्या कोणत्याही ललित संग्रहातील एक लेख निवडा. त्यातील क्रियापदे अधोरेखित करून रीतिभूतकाळ, साधा भूतकाळ आणि वर्तमानकाळ अशी विभागणी करा. काळ कोणत्या वाक्यापाशी बदलतो आणि तेथे लेखात काय घडते, ते सात-आठ ओळींत लिहा.

२. 'शांतता! कोर्ट चालू आहे' च्या पहिल्या अंकातील बेणारेची अशी तीन वाक्ये शोधा, जी पुढे तिच्याविरुद्ध वापरता येतील.

३. आपल्या घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला त्यांच्या तरुणपणीच्या एखाद्या रोजच्या सुखाविषयी विचारा. त्यांचे बोलणे त्यांच्याच बोलीत, शब्द न बदलता, एक पानभर लिहून काढा.